कॅन्सरच्या वेदनेवर केटामाइन : घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉर्फिन वाढवत नेलं, मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या गोळ्या जोडल्या, तरी पेशंटची रात्र बसूनच जाते. मग एखाद्या दिवशी राउंडला डॉक्टर केटामाइनचं नाव काढतात. घरातला एक जण लगेच मोबाइल उघडतो आणि त्याला पार्ट्यांमधल्या नशेच्या बातम्या सापडतात. दुसरा गप्प होतो, कारण त्याच्या मनात येतं की आता शेवटचं औषध काढलं. मी वेदनाशमनाच्या टीममध्ये काम करते. खालचे प्रश्न मला कॉरिडॉरमध्ये, फोनवर आणि पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून जिन्यातही विचारले गेले आहेत. तुमच्या पेशंटचा डोस त्याला तपासणारा डॉक्टरच ठरवेल; इथले आकडे फक्त अंदाज यावा म्हणून दिले आहेत.

केटामाइन म्हणजे नेमकं काय? हे भुलीचं औषध ना?

हो, भुलीचंच. १९६२ साली अमेरिकेत केल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने पार्क-डेव्हिस कंपनीसाठी ते तयार केलं. त्याआधी फेन्सायक्लिडीन नावाचं औषध वापरून पाहिलं गेलं होतं. त्याने भूल चांगली यायची, पण शुद्धीवर येताना माणसं तासन् तास बरळायची. त्याच कुळातलं, पण लवकर उतरणारं औषध हवं होतं. १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी ते पहिल्यांदा माणसांना दिलं. आपले हातपाय आपले नाहीतच, आपण तरंगतोय, असं काही स्वयंसेवक सांगत. डॉमिनोंनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांच्या पत्नीने ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द सुचवला. शरीराशी असलेला धागा सुटल्यासारखी ही भूल, आणि ते नाव अजून टिकून आहे. १९७० मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. श्वास फारसा मंदावत नाही आणि रक्तदाब पाडत नाही, म्हणून अपघातात, युद्धात, जिथे यंत्रं कमी आहेत अशा ठिकाणी डॉक्टर त्यावर भरवसा ठेवतात.

वेदनेसाठी देतात तो डोस बराच लहान असतो. भुलीसाठी शिरेतून एका दमात वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम देतात. वेदनेसाठी शिरेतून द्यायचं झालं तर तेवढंच औषध अनेकदा दहाएक तासांवर पसरतात, म्हणजे किलोमागे तासाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम.

म्हणजे पेशंटला झोपवून ठेवणार का?

नाही. पेशंट जागा असतो, बोलतो, जेवतो, भांडतोसुद्धा. थोडी गुंगी येऊ शकते. शेवटच्या दिवसांत कुठल्याच उपायाने त्रास आवरत नसेल तर घरच्यांशी बोलून मुद्दाम गुंगीत ठेवतात. तो वेगळा निर्णय आहे आणि त्यासाठी बहुधा मिडाझोलामसारखी औषधं वापरतात. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. शंका आली तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे दुखणं कमी करायला देताय की झोपवायला?’ हा प्रश्न उद्धट नाही.

मॉर्फिन आहे की. मग हे आणखी कशाला?

मॉर्फिन आणि केटामाइन वेगवेगळ्या दारांवर काम करतात. पेशीवर औषध जिथे बसतं त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिन आणि त्याच्या कुळातली औषधं म्हणजे ओपिऑइड; मॉर्फिन ओपिऑइड रिसेप्टरवर बसतं. केटामाइन मुख्यतः एनएमडीए नावाच्या रिसेप्टरचं तोंड बंद करतं. हा रिसेप्टर मज्जारज्जूतल्या पेशींवर असतो आणि एरवी मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसून तो बंद ठेवतो. दुखण्याचे संदेश दिवसरात्र येत राहिले की ते बूच सुटतं. पेशीत कॅल्शियम शिरतं आणि ती पेशी हळवी होते. पुढचा संदेश तेवढाच असला तरी मोठा ऐकू येतो. आवाजाचं बटण कुणीतरी वर करून तसंच ठेवलं, असं समजा. केटामाइन ते बटण खाली आणायचा प्रयत्न करतं.

हळवेपणा म्हणजे काय ते खाटेपाशी उभं राहिलं की दिसतं. पोटऱ्यांवर चादरसुद्धा सहन न होणाऱ्या एका काकूंसाठी आम्ही पायांवर पुठ्ठ्याचं खोकं उलटं ठेवून त्याच्यावरून चादर घातली होती. चादरीचा स्पर्श म्हणजे काही दुखापत नव्हे. त्यांचा मज्जारज्जू मात्र तो स्पर्श दुखणं म्हणून वर पाठवत होता. अशा ठिकाणी मॉर्फिन एकटं कमी पडतं.

आणखी एक विचित्र गोष्ट घडते. ओपिऑइड फार वाढलं की काही जणांत तेच औषध वेदना वाढवायला लागतं. डोस वाढवला की दोन दिवस बरं, मग आधीपेक्षा जास्त दुखणं. गाठ कंबरेत असताना सगळं अंग दुखायला लागतं, हातपाय मधेच दचकल्यासारखे उडतात. घरच्यांना वाटतं आजार पसरला. कधी तसंही असतं, पण कधी ते औषधाचंच काम असतं, आणि त्यातही एनएमडीए रिसेप्टरचा हात आहे. अशा वेळी उपाय म्हणजे ओपिऑइड कमी करणं किंवा बदलणं. त्याच्या जोडीला केटामाइनचा विचार होतो.

कुठल्या दुखण्याला ते लागू पडतं?

मज्जातंतू दाबला गेल्याने किंवा खराब झाल्याने होणारं दुखणं: जळजळ, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, मुंग्यांसोबतचा ठणका. ओटीपोटातली गाठ कंबरेच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात शिरते तेव्हाचं, फुप्फुसाच्या टोकाची गाठ हाताकडे जाणाऱ्या तंतूंवर चढते तेव्हाचं. रक्तपुरवठा तुटल्यामुळे पाय ठणकतो, त्यातही कधीकधी देतात.

पण केटामाइनच्या आधी दुसऱ्या गोष्टींचा विचार झालाय का, ते बघायला हवं. एकाच हाडात गाठ असेल तर रेडिएशनच्या मोजक्या फेऱ्यांनी चांगला फरक पडतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पाठीत घुसणाऱ्या दुखण्यावर तिथल्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा ब्लॉक देता येतो, म्हणजे इंजेक्शन देऊन ते जाळं बधिर करता येतं. मॉर्फिनवरून मेथाडोन या दुसऱ्या ओपिऑइडवर नेता येतं, आणि मेथाडोनमध्ये एनएमडीए रिसेप्टर अडवण्याचा थोडा गुण आहेच. मला स्वतःला वाटतं की केटामाइनची घाई काही वेळा होते, कारण बाटली हाताशी असते आणि ब्लॉक करणारा माणूस हाताशी नसतो. आणि पाठ दुखत असताना पायातली ताकद जायला लागली, लघवी अडली, तर वेदनाशामकावर चर्चा करत बसू नका. मज्जारज्जू दाबला जात असेल तर तासांचा हिशेब असतो. लगेच हॉस्पिटल गाठा.

याचा उपयोग होतो हे सिद्ध झालंय का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण याचंच उत्तर सगळ्यात नीट द्यायला हवं.

छोट्या अभ्यासांनी आशा दाखवली. २००० साली इटलीतल्या सेबास्टियानो मर्कादान्ते यांच्या गटाने मॉर्फिनला दाद न देणाऱ्या १० पेशंटना शिरेतून केटामाइन दिलं आणि दुखणं उतरलं. काहींना भास झाले. दहा पेशंट म्हणजे फारच कमी, पण जगभरच्या वॉर्डांमध्ये ‘आमच्या अमुक पेशंटला चमत्कार झाल्यासारखा फरक पडला’ अशा गोष्टी होत्याच, त्यामुळे औषध रुळलं.

मग मोठे अभ्यास आले. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेनेट हार्डी आणि सहकाऱ्यांनी १८५ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना कातडीखालून केटामाइन, निम्म्यांना नुसतं सलाइन, पाच दिवसांपर्यंत; कुणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. दिवसाला १०० मिलिग्रॅमपासून गरजेप्रमाणे ३०० आणि ५०० पर्यंत. केटामाइनवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना फरक पडला, सलाइनवाल्यांपैकी २७ टक्क्यांना. दुष्परिणाम मात्र केटामाइनच्या बाजूला जवळजवळ दुप्पट. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे २५ जणांना औषध दिलं तर एका जास्तीच्या माणसाला फायदा होतो, आणि दर ६ जणांमागे एकाला त्रासामुळे ते सोडावं लागतं. २०१८ मध्ये मेरी फॅलन यांच्या गटाने कॅन्सरशी संबंधित मज्जातंतूंच्या दुखण्यावर, म्हणजे जिथे चाललं पाहिजे असं सगळ्यांना वाटत होतं तिथेच, २१४ पेशंटमध्ये तोंडावाटे दिलेलं केटामाइन तपासलं. औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र पाहून म्हटलं की ओपिऑइडच्या जोडीला केटामाइन देण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध ठाम बोलण्याइतका पुरावा नाही.

आता हे वाचून कुणी म्हणेल, मग देता कशाला? मी इतकंच सांगू शकते की अभ्यासात सरासरी मोजली जाते, आणि सरासरीत शंभरातले ते चारपाच जण बुडून जातात ज्यांना खरंच फरक पडला. असे पेशंट मी पाहिलेत. पण आणखी एक गोष्टही पाहिली आहे, आणि त्या २७ टक्क्यांनी ती मला शिकवली. नवीन पंप लावला, नर्स दर चार तासांनी येऊन ‘आता किती दुखतंय?’ विचारू लागली, घरचे जवळ बसले, की सलाइनवरसुद्धा दुखणं उतरतं. तेव्हा उतरलेल्या दुखण्याचं सगळं श्रेय औषधाला देऊ नये. म्हणून आमच्याकडे केटामाइन सुरू करण्याआधीच ठरवून ठेवतो की काय बदललं तर चालू ठेवायचं आणि कुठल्या तारखेला थांबवायचं. असं ठरवलं नाही की औषध सवयीने चालू राहतं. डिस्चार्ज कार्डावर ते तिसऱ्या महिन्यातही दिसतं आणि का सुरू केलं होतं हे कुणालाच आठवत नाही.

‘काय बदललं तर’ म्हणजे? दुखणं शून्यावर यायला हवं का?

शून्याची वाट बघू नका. पेशंटला विचारून एक ठोस गोष्ट ठरवा. एका आजोबांनी सांगितलं होतं, ‘खुर्चीत बसून चहाचा कप संपवता आला पाहिजे.’ तोवर ते अर्धा कप झाला की आडवे व्हायचे. तिसऱ्या दिवशी कप संपला. मी विचारल्यावर त्यांनी दुखण्याचा आकडा, दहापैकी, नऊवरून सातच सांगितला होता. मी कपावर विश्वास ठेवला. दुसरं माप म्हणजे मधेच कळ आली म्हणून घ्यावे लागणारे मॉर्फिनचे जादा डोस. दिवसाला सहावरून दोनवर आले तर काहीतरी घडतंय.

ते देतात कसं?

तीन वाटा आहेत. कातडीखाली बारीक सुई आणि छोटा सिरिंज पंप, ही पॅलिएटिव्ह केअरमधली, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्याच्या उपचारातली, नेहमीची. २४ तासांत ५० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास सुरुवात करून वाढवतात. औषध कातडीला झोंबतं, म्हणून सलाइनमध्ये भरपूर पातळ करतात आणि सुईची जागा बदलत राहतात. शिरेतून देताना पेशंट सहसा हॉस्पिटलमध्ये असतो. काही ठिकाणी तीन ते पाच दिवस चढत्या डोसने देऊन मग बंद करतात. याला ‘बर्स्ट’ म्हणतात. फायदा झालाच तर पंप काढल्यावरही काही दिवस, क्वचित काही आठवडे टिकतो.

तिसरी वाट तोंडाची, आणि इथे एक गंमत आहे. गिळलेल्या केटामाइनपैकी जेमतेम पाचवा हिस्सा मूळ रूपात रक्तात पोचतो, बाकीच्याची लिव्हर आधीच वाट लावतं. पण लिव्हर त्याचं जे बनवतं ते नॉरकेटामाइन स्वतः वेदनाशामक आहे आणि जास्त वेळ टिकतं. त्यामुळे तोंडावाटेचा डोस १० ते २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनचारदा, असा लहान असूनही काम करू शकतो. बऱ्याचदा इंजेक्शनचंच औषध मोजून प्यायला देतात. चव भयंकर कडू. दाट फळांच्या रसात मिसळून, मागून काहीतरी गोड खाल्लं तर निभावतं. बाटलीवर किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते दर वेळी वाचा: १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅमची येते, ५० ची येते, १०० ची पण येते. नव्या बाटलीचा जोर वेगळा आणि सिरिंजवरची जुनी खूण तशीच, म्हणजे पाचपट डोस. ही चूक घडण्याजोगी आहे, म्हणून सांगतेय.

फरक किती दिवसांत कळतो?

शिरेतून आणि कातडीखालून दोनतीन दिवसांत अंदाज येतो. तोंडावाटे आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. पुरेशा डोसवर तेवढ्यात काहीच नसेल तर थांबवलेलं बरं.

हे सुरू केलं की मॉर्फिन बंद करायचं का?

स्वतःहून अजिबात नाही. पण डॉक्टर ते कमी करण्याची शक्यता मोठी आहे; अनेक ठिकाणी केटामाइन सुरू करतानाच ओपिऑइड चौथ्या हिश्शाने, कधी निम्म्याने उतरवतात. कारण सोपं आहे. दुखणं हेच मॉर्फिनच्या गुंगीला आवरून धरत असतं. दुखणं अचानक उतरलं आणि मॉर्फिन तेवढंच राहिलं की तेच मॉर्फिन जास्त होतं. पेशंट हाक मारली तरी नीट उठत नाही, श्वास संथ आणि विरळ होतो, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात. असं दिसलं तर पुढचा डोस न देता लगेच फोन करायचा. ‘किती दिवसांनी शांत झोपलेत’ म्हणून झोपू देऊ नका. हलवून जागं होतात का ते पाहा.

त्यांना भास होतील का?

होऊ शकतात. लपवण्यात अर्थ नाही. सौम्य प्रकार म्हणजे डोकं हलकं वाटणं, आवाज लांबून आल्यासारखे, घड्याळ फार हळू चालल्यासारखं, रात्री ठसठशीत स्वप्नं. डोस चढला तर छत खाली येतंय, भिंतीवर कुणी उभं आहे, मी माझ्याच खाटेच्या वर आहे. काहींना हे मजेशीर वाटतं. एका ताईंनी मला ‘आत्ता फार मोठ्या बागेत होते, तुम्ही उगाच उठवलंत’ म्हणून झापलं होतं. काही जण मात्र घाबरून पंपाची नळी ओढतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो आधी सांगून ठेवल्याने. ‘चित्रविचित्र दिसेल, ते औषधाचं आहे, डोस कमी केला की जाईल’ एवढं पेशंटला माहीत असेल तर तो भास सांगतो; माहीत नसेल तर आपल्याला वेड लागतंय असं समजून गप्प राहतो, आणि ते जास्त वाईट. खोलीत उजेड मंद ठेवा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला. पेशंट म्हणाला कोपऱ्यात कुणी आहे, तर ‘कुठे आहे, काही नाहीये’ म्हणून वाद घालू नका. हात धरा, आपलं नाव सांगा, कुठे आहोत ते सांगा. आणि टीमला कळवा. डोस खाली आणतात, किंवा हॅलोपेरिडॉल, मिडाझोलामसारखं औषध थोड्या प्रमाणात जोडतात. काही डॉक्टर पहिल्या दिवसापासूनच ते देतात.

एक लक्षात ठेवा, आजार पुढे गेलेल्या पेशंटमध्ये गोंधळलेपणाची कारणं अनेक असतात. कॅल्शियम वाढणं, इन्फेक्शन, लघवी तुंबणं, साधी बद्धकोष्ठताही. केटामाइन चालू आहे म्हणून सगळं त्याच्या माथी मारलं तर खरं कारण हातून निसटतं.

आणखी काय त्रास?

मळमळ, तोंडाला जास्त लाळ सुटणं, डोळे थरथरल्यासारखे हलणं, रक्तदाब आणि नाडी वाढणं. हे पहिल्या काही तासांत किंवा डोस वाढवल्यावर दिसतं. लांब पल्ल्याचे दोन त्रास वेगळे. लिव्हरची तपासणी बिघडू शकते, म्हणून चालू असेपर्यंत अधूनमधून रक्त तपासतात. दुसरा मूत्राशयाचा: नशेसाठी केटामाइन घेणाऱ्यांमध्ये मूत्राशय आतून सुजून आकसतं, हे २००७ साली पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. औषध म्हणून घेणाऱ्यांत ते कमी आढळतं, पण महिनोन्‌महिने चालू असेल तर सारखी लघवी लागणं, आग, लघवीत रक्त, ही लक्षणं सांगायलाच हवीत. अशा वेळी ‘युरिन इन्फेक्शन असेल’ म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतात आणि मुख्य कारण पंपातच असतं.

कुणाला देत नाहीत?

आटोक्यात नसलेला उच्च रक्तदाब, अलीकडे आलेला हार्ट अटॅक, हृदयाला रक्त कमी पडून छातीत वरचेवर दुखणं, मेंदूतला दाब वाढलेला, लिव्हर फार खराब, किंवा आधी सायकोसिसचा (भास-भ्रम होणारा मानसिक) आजार झालेला, अशांना टाळतात किंवा फार जपून देतात. मेंदूत गाठी असतील तर आवर्जून सांगा. केटामाइनने मेंदूतला दाब वाढतो ही जुनी भीती पूर्वीइतकी ठाम राहिलेली नाही, पण निर्णय माहिती हातात असताना झालेला बरा.

दुसऱ्या औषधांशी जमतं का?

तोंडावाटे घेताना लिव्हरमधलं औषध मोडणारं एन्झाइम मधे येतं. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या काही गोळ्या आणि ग्रेपफ्रूटचा रस यांनी रक्तातलं केटामाइन वाढतं. टीबीवरच्या रिफाम्पिसिनने ते इतकं घटतं की औषध न घेतल्यासारखं होतं. मघाशी फळांचा रस म्हटलं, त्यातून ग्रेपफ्रूट वगळा. झोपेच्या गोळ्या आणि दारू गुंगी वाढवतात, हे वेगळं सांगायला नकोच.

व्यसन लागेल का? पोलिसांची भानगड?

केटामाइनची नशा करतात, हे खरं. अमेरिकेने ते १९९९ मध्ये नियंत्रित औषधांत घातलं, ब्रिटनने २००६ मध्ये आणि मग २०१४ मध्ये नियम आणखी कडक केले. पण चिठ्ठीवर, ठरलेल्या डोसने, तपासणीखाली घेतलेल्या औषधाने कॅन्सरच्या पेशंटला व्यसन लागणं ही मला रोजच्या कामात सतावणारी काळजी नाही. काळजी घरातल्या इतरांची आहे. बाटली कुलपात ठेवा, चिठ्ठी जवळ ठेवा, उरलेलं औषध टीमला परत करा. घरात कुणाला नशेची सवय असेल तर लाजून लपवू नका, आम्ही एका वेळी थोडंच औषध देऊ.

नाकात मारायचा केटामाइनचा स्प्रे मिळतो म्हणे. तो चालेल?

तुम्ही एस्केटामाइनच्या, म्हणजे केटामाइनच्याच एका रूपाच्या, स्प्रेबद्दल बोलताय. त्याला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी, आणि तोही दवाखान्यात, देखरेखीखाली घ्यायचा असतो. वेदनेसाठी तो नाही.

आणि मलम, गुळण्या?

केमोमुळे तळहात-तळपाय बधिर होऊन जळतात त्यावर केटामाइन आणि अमिट्रिप्टिलीनचं मलम ४६२ जणांवर तपासलं गेलं; २०१४ मध्ये निकाल आला, साध्या मलमापेक्षा काही फरक नाही. तोंडात रेडिएशनने पडलेल्या जखमांवर केटामाइनच्या गुळण्या करून थुंकणं काही ठिकाणी करतात. पुरावा तुटपुंजा आहे, पण पेशंटला पाणीही गिळता येत नसेल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. थुंकायचं मात्र नक्की, गिळायचं नाही.

घरी पंप लावून पाठवलंय. आम्ही काय बघायचं?

वही करा, मोबाइलवर नको. रात्री तीन वाजता जो जागा असेल त्याला ती सापडली पाहिजे. तारीख, वेळ, दुखणं किती, जादा मॉर्फिन किती वेळा, झोप, भास, संडास. सुईची जागा दिवसातून दोनदा पाहा. लाल, टणक किंवा दुखरी झाली तर कळवा. पंपाचा दिवा लुकलुकतोय ना, नळी खाटेच्या कठड्यात अडकली नाहीये ना, सिरिंजमधलं औषध खरंच कमी होतंय ना. आंघोळीच्या वेळी पंप पाण्यापासून दूर. पहिले दोन दिवस पेशंटने एकट्याने उठून बाथरूमला जायचं नाही. पडण्याचे प्रकार तेव्हाच होतात. आणि पंप वाजू लागला तर घाबरून बॅटरी काढू नका, स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचून फोनवर सांगा.

बंद कसं करतात? एकदम?

चारपाच दिवसांचा बर्स्ट संपला की बंद करतात, अडचण येत नाही. कित्येक आठवडे चालू असेल तर टप्प्याटप्प्याने उतरवतात, कारण अचानक तोडलं तर दुखणं उसळून येऊ शकतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी घरात किती औषध शिल्लक आहे ते मोजा.

गिळणं बंद झालं तर? शेवटच्या दिवसांत काढून टाकतात का?

उपयोग होत असेल तर काढत नाहीत. तोंडाऐवजी कातडीखालच्या पंपावर नेतात आणि डोसचा हिशेब नव्याने मांडतात. मॉर्फिन, मिडाझोलाम, हॅलोपेरिडॉल बहुतेक वेळा त्याच सिरिंजमध्ये जमतं, प्रत्येकाची वेगळी सुई लागत नाही. पेशंट बोलायचा थांबला असला तरी कुशीवर वळवताना कपाळाला आठी पडते का, हाताची मूठ वळते का, ते पाहून दुखणं ओळखता येतं. ते रोज बघणारे तुम्ही असता, आम्ही दिवसातून एकदा येतो. काही बदललेलं दिसलं तर वहीत लिहा आणि वेळ कुठलीही असो, फोन करा.